"खाणीनं पानी नेलं": पण कुठलं, कधी, किती? मोजायला लागणाऱ्यांसाठी

सावनेर, पाटणसावंगी, सिल्लेवाडा, वलनी. नागपूरच्या उत्तरेला कन्हानच्या खोऱ्यातल्या या कोळसापट्ट्यात कुठल्याही गावात पाण्याचा विषय काढा, दहा मिनिटांत एक वाक्य येतंच: "खाणीनं पानी नेलं जी." बोलणाऱ्याचा अनुभव खरा असतो. पण तेच वाक्य अर्जात लिहून दिलं की समोरचा अधिकारी विचारतो, कुठलं पाणी? विहिरीचं की बोअरचं? कधीपासून? आणि खाण नाही त्या गावात त्याच वर्षी काय झालं? बहुतेक अर्ज इथंच अडकतात.

ग्रामपंचायत सदस्य, भूगोल-भूशास्त्राचे विद्यार्थी, संस्थांमधले नवे कार्यकर्ते यांच्यासाठी हे लिहितोय. फार खर्चाची यंत्रं लागत नाहीत. वर्षभर चिकाटीनं फिरणारा एक माणूस आणि एक वही मात्र लागते.

पायरी १: खाली काय चाललंय ते आधी समजून घ्या

उघड्या खाणीचा खड्डा दिसतो. भूमिगत खाणीचं वरून काहीच दिसत नाही, एखादी इन्क्लाइन (खाली उतरणारा तिरका बोगदा), पंख्याचं घर आणि कोळशाचा ढीग सोडला तर. गव्हाच्या शेताखाली शंभर मीटरवर माणसं काम करत असतात.

या भागात वरून खाली साधारण असा थर लागतो: काळी माती किंवा नदीचा गाळ, त्याखाली कामठीचा वालुकाश्म, त्याखाली बराकरचा थर, आणि कोळसा त्या बराकरमध्ये. भूशास्त्रातलं 'कामठी' हे नाव आपल्या कामठी गावावरूनच पडलंय. हा वालुकाश्म पाणी चांगलं धरून ठेवतो, म्हणून बोअर त्यात यशस्वी होतात. आणि म्हणूनच खाणीच्या छतातूनही पाणी गळतं.

खोदाई बहुतेक बोर्ड-अँड-पिलर पद्धतीची. आधी गॅलऱ्या काढतात आणि मधे कोळशाचे खांब ठेवतात. या काळात छतातून पाझरणारं पाणी सम्पमध्ये, म्हणजे खाणीतल्या साठवण खड्ड्यात, जमतं आणि पंपानं वर फेकलं जातं. पाण्यावरचा पहिला परिणाम हा उपसा.

दुसरा परिणाम डीपिलरिंगनंतरचा. सगळा कोळसा काढायचा म्हणून मागं सरकत खांबही काढतात, आणि मागचं छत कोसळू देतात. त्या कोसळलेल्या भागाला खाणीत 'गोफ' म्हणतात. गोफच्या वरचा खडक तडकतो. तडे किती वर जातील याचा ढोबळ अंदाज काढलेल्या कोळशाच्या जाडीच्या ३० ते ५० पट असा धरतात. समजा ३ मीटर जाडीचा कोळसा काढला, तर तडे ९० ते १५० मीटर वर जाऊ शकतात. वरचं आवरण १२० मीटरचंच असेल तर विहिरींचं पाणी धरणारा थर त्या पट्ट्यात येतो की नाही, हा पहिला प्रश्न. पोकळीत नदीची वाळू भरली असेल, म्हणजे 'स्टोइंग' केलं असेल, तर तडे बरेच कमी राहतात. त्यामुळं स्टोइंग कुठं झालं आणि कुठं नाही, हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका.

तिसरा परिणाम खाण बंद झाल्यावरचा. त्याचं शेवटी बोलू.

कागद कुठून मिळवायचे? पर्यावरण मंजुरीचा अहवाल आणि सहामाही अनुपालन अहवाल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर शोधा. जनसुनावणी झाली असेल तर मराठी सारांशही असतो. भूजल उपशासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाचं ना-हरकत प्रमाणपत्र घेतलं असेल तर त्यातल्या अटी वाचा: किती उपसा मंजूर, किती निरीक्षण विहिरी लावायच्या. जे मिळत नाही ते माहिती अधिकारात मागा. मागताना 'खाणीचा नकाशा द्या' असं मोघम लिहू नका. खाणीत एका वेळी काढायला घेतलेल्या कोळशाच्या भागाला पॅनेल म्हणतात. 'कोणत्या पॅनेलचं डीपिलरिंग कोणत्या महिन्यात सुरू झालं आणि कधी संपलं, ते पॅनेल जमिनीवरच्या कोणत्या गट क्रमांकांखाली येतं, स्टोइंग केलं का' असं विचारा. या तारखांचं काम पुढं पडणार आहे.

पायरी २: विहिरींची यादी

मंजुरीच्या अहवालात साधारण १० किलोमीटरचा परिसर घेतलेला असतो. एकट्यादुकट्यानं तो झेपत नाही. पॅनेलच्या वर, पॅनेलपासून अर्धा किलोमीटर, एक, दोन, तीन किलोमीटर अशा अंतरानं मिळून वीस-पंचवीस विहिरी-बोअर निवडा. गावनकाशावर खुणा करा.

इथं नवख्यांची एक मोठी चूक होते. उघड्या विहिरी आणि बोअर एकाच यादीत टाकतात. दहा-पंधरा मीटरची विहीर वरच्या थरातलं पाणी दाखवते. सत्तर-ऐंशी मीटरचं बोअर खालच्या, दाबाखालच्या थरातलं. खाण खालून पाणी ओढत असेल आणि मधे चिकणमातीचा थर असेल, तर बोअर कोरडं पडतं आणि शेजारची विहीर जशीच्या तशी राहते. अहवालात 'परिणाम नगण्य' हे शब्द दिसले की मी आधी मोजमापाच्या ठिकाणांची खोली बघतो. अनेकदा सगळ्या उथळ विहिरीच असतात. म्हणून दोन वेगळ्या याद्या, दोन वेगळे आलेख.

आता माणसांशी बोलणं. "पाणी कधी कमी झालं?" असं विचारलं तर "झाले सात-आठ वर्षं" एवढंच हाती येतं. त्याऐवजी खर्चाचं विचारा. माझ्या वहीतला एक संवाद तसाच देतो:

"काकाजी, मोटर किती फुटांवर हाये?"

"आता दोनशे दहावर. आधी दीडशेवर होती."

"खाली कधी सोडली?"

"पोरीच्या लग्नाच्या साली. उन्हाळ्यात दोन पाइप जोडले, मंग पोळ्याच्या आंधी आणिक एक."

लग्नाची पत्रिका भिंतीला टांगलेली होती. तारीख पक्की झाली. मोटर खाली सोडणं, विहीर खोल करणं, आडवे बोअर मारणं, नवं बोअर घेणं या प्रत्येक गोष्टीला पैसा लागलेला असतो, आणि पैसा गेलेलं साल शेतकरी विसरत नाही. बोअरवाल्याची पावती मिळाली तर तिचा फोटो घ्या. तीत खोली आणि केसिंगचे, म्हणजे बोअरमध्ये घातलेल्या आवरण-पाइपचे, फूट लिहिलेले असतात.

पायरी ३: पातळी मोजणं

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि सगळा अभ्यास यावरच उभा राहतो.

स्टीलची मोजपट्टी घ्या, खाली छोटं वजन बांधा. टोकाच्या दोनेक मीटरला खडू फासा. विहिरीच्या कठड्यावर रंगानं एक खूण करा. दर वेळी तिथूनच मोजायचं. पट्टी सोडा, टोक पाण्यात बुडू द्या आणि खुणेजवळ पूर्ण आकडा येईल असं थांबा. समजा खुणेवर १४.०० मीटर आले. वर ओढल्यावर खडू १.३७ मीटरपर्यंत ओला दिसला. म्हणजे खुणेपासून पाणी १२.६३ मीटरवर. कठडा जमिनीपासून ०.८० मीटर उंच असेल तर जमिनीपासून पातळी ११.८३ मीटर. वहीत तिन्ही आकडे लिहा, नुसता शेवटचा नाही. वजाबाकी पुढच्या वर्षी तपासता आली पाहिजे.

मोजण्याआधी विहीर विसावलेली हवी. शेतीची थ्री फेज लाइन त्या आठवड्यात दिवसाची होती की रात्रीची, ते विचारून घ्या. रात्रीची असेल तर पहाटे मोजलेली पातळी पंप चालवून उतरलेली असते. निदान पाच-सहा तास मोटर बंद असावी, शेजारच्या शेतातलीसुद्धा. नसेल तर आकडा घ्या, पण पुढं 'मोटर चालू होती' असं लिहा.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. तुम्हीही याच चार महिन्यांत मोजा, म्हणजे तुमचे आकडे सरकारी आकड्यांशेजारी ठेवता येतील. जमलं तर पॅनेलच्या वरच्या दोन-तीन बोअरांचं मोजमाप दर आठवड्याला करा. जिल्ह्याच्या कार्यालयातून तुमच्या तालुक्यातल्या निरीक्षण विहिरींची जुनी नोंदही मागून घ्या. खाण तिथं पोचण्याआधीचे आकडे बहुधा तिथंच सापडतात, आणि त्यांच्याशिवाय 'आधी' काय होतं हे कुणालाच सांगता येत नाही.

एक सावधगिरी: दोन विहिरींची पातळी एकमेकींशी लावायची, पाणी कुठून कुठं वाहतं ते काढायचं, तर कठड्याच्या खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची लागते. मोबाइलचा जीपीएस उंचीत कित्येक मीटर चुकतो. एखाद्या सर्व्हेअर मित्राकडून लेव्हल फिरवून घ्या, नाहीतर तो नकाशा काढूच नका.

पायरी ४: खाण किती पाणी फेकते

खाणीचं पाणी बाहेर पडतं तो नाला किंवा चर शोधा. खाणीच्या हद्दीत जाऊ नका, बाहेर मोजा. चरात पत्र्याची नव्वद अंशांची व्ही-खाच बसवता आली तर उत्तम. खाचेच्या टोकापासून पाणी किती उंच वाहतं ते मीटरमध्ये मोजायचं. त्या उंचीचा अडीचवा घात, गुणिले १.३८, म्हणजे सेकंदाला घनमीटर. पाणी १५ सेंटिमीटर चढलं असेल तर सेकंदाला सुमारे १२ लिटर. दिवसाला १० लाख ३७ हजार लिटर. माणशी ५५ लिटरच्या सरकारी मापानं हे अठरा-एकोणीस हजार माणसांचं पाणी झालं.

हाच आकडा जमिनीत नेऊन बघा. वर्षाचे झाले ३.७८ लाख घनमीटर. वालुकाश्मात पाणी देणारी पोकळी साधारण ३ टक्के धरतात. म्हणजे एक चौरस किलोमीटरमध्ये पातळी एक मीटर उतरली की ३० हजार घनमीटर पाणी निघालं. पावसानं काहीच भरपाई केली नाही असं धरलं, तर हा उपसा साडेबारा चौरस किलोमीटरवर वर्षाला एक मीटर पातळी उतरवेल. प्रत्यक्षात पाऊस भरपाई करतो, आणि फेकलेलं काही पाणी नाल्यातून परत मुरतं. म्हणून हे उत्तर नव्हे, नुसता पल्ला कळतो: अर्ध्या किलोमीटरवरच्या तक्रारीकडं गंभीरपणे बघायचं की पंधरा किलोमीटरवरच्या.

नाल्याच्या खालच्या अंगाची गावं वेगळंच सांगतील. पूर्वी दिवाळीनंतर आटणारा नाला आता मेपर्यंत वाहतो, काठच्या विहिरी भरलेल्या असतात, भाजीपाला निघतो. हेही लिहा. खाणीचा परिणाम म्हणजे फक्त तोटा असं ठरवून निघालेला माणूस ही विहीर यादीतून गाळतो आणि मग त्याच्या बाकीच्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

पायरी ५: पाण्याची चव आणि प्रयोगशाळा

ईशान्येकडच्या, विशेषतः मेघालयातल्या कोळशात गंधक जास्त. तिथं खाणींचं पाणी आम्लधर्मी होतं. जैंतिया टेकड्यांतली लुखा नदी हिवाळ्यात निळी पडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. आपल्या गोंडवन कोळशात गंधक कमी, त्यामुळं विदर्भात खाणीचं पाणी बरेचदा आंबट नसतं, जड असतं. पण गृहीत धरू नका. पीएच आणि विद्युतवाहकता जागेवरच मोजा. हातातलं छोटं मीटर पुरतं. वाहकतेला ०.६५ नं गुणलं की टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, अंदाज येतो.

नमुना घेताना बोअर दहा मिनिटं चालू द्या, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा. लोह-मँगनीजसाठी वेगळी बाटली लागते, तीत नायट्रिक आम्ल घालायचं असतं. प्रयोगशाळेतूनच तयार बाटली मागून घ्या. बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी पोचवा.

काय तपासायचं? टीडीएस, कठीणपणा, सल्फेट, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. सल्फेट २०० आणि ४००. फ्लोराइड १ आणि १.५, नायट्रेट ४५, त्याला सूट नाही. हे सगळे आकडे लिटरला मिलीग्रॅम. खाणीच्या सांडपाण्याचे निकष वेगळे, २००० साली ठरलेले: पीएच ५.५ ते ९, तरंगते कण १०० मिलीग्रॅम, तेल-ग्रीस १०. सांडपाणी 'निकषात' आहे याचा अर्थ ते पिण्याजोगं आहे असा नव्हे. गावसभेत ही गल्लत हमखास होते.

आकडे वाचताना जोडीनं वाचा. नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही वाढलेले असतील तर आधी शेणखताचा उकिरडा, संडासाचे खड्डे आणि युरिया यांच्याकडं बघा. नायट्रेट तेवढंच पण सल्फेट आणि कठीणपणा चढलेला असेल, आणि खाणीच्या सोडलेल्या पाण्यातही तेच जास्त असेल, तर धागा खाणीकडं जातो. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा-भद्रावतीकडं फ्लोराइड मुळात खडकातूनच येतं. तिथं फ्लोराइडचं खापर डोळे मिटून खाणीवर फोडू नका.

आणि खाणीचं पाणी म्हणजे विषच असंही नाही. पाटणसावंगीच्या खाणीतलं पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावानं बाटलीत भरलं गेलंय.

पायरी ६: जमीन बघा, पण लांबून

जमीन फक्त पॅनेलच्या वरच खचत नाही, कडेच्या थोडी बाहेरही ओढली जाते. पॅनेलच्या कडेपासून ही ओढ उभ्या रेषेशी काही कोन करून वर बाहेर जाते; शंभर मीटर खोलीवर हा कोन २५ ते ३५ अंश धरला तर ४७ ते ७० मीटर बाहेरपर्यंत. तेवढा पट्टा नकाशावर आखा.

काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतातच, आणि नवखा माणूस त्यांचेच फोटो काढून आणतो. मातीच्या भेगा जाळीसारख्या असतात, पहिल्या दोन पावसांत मिटतात. खचण्याची भेग लांब, एका रेषेत, पॅनेलच्या कडेला समांतर जाते. धुरा, डांबरी रस्ता, घराची भिंत काही सोडत नाही. दोन काठांत पायरीसारखी उंची दिसते. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट ठोका आणि दर महिन्याला अंतर मोजा. भेग नाल्याच्या पात्रातून जात असेल तर तिच्या वरच्या आणि खालच्या अंगाला नाल्याचा प्रवाह त्याच तासाला मोजा. वर जास्त, खाली कमी आणि मधे कुणाचा पंप नाही, तर पाणी कुठं जातंय ते कळलं.

जवळ उभं राहू नका. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घूसच्या आमराई वॉर्डात ऑगस्ट २०२२ मध्ये एक आख्खं घर पाहता पाहता जमिनीत गेलं; खाली जुनी भूमिगत खाण होती. बंद इन्क्लाइनमध्ये तर पाऊलही टाकायचं नाही. आत पुरेसा ऑक्सिजन नसू शकतो, आणि ते बाहेरून कळत नाही.

पायरी ७: खाणीचा वाटा वेगळा काढणं

सावनेर-काटोल-कळमेश्वर हा संत्र्याचा पट्टा. आंबिया बहारासाठी डिसेंबरात बागेला ताण देतात आणि जानेवारीपासून पाणी सुरू होतं. मार्च-मेमध्ये पातळी उतरण्यात बागांचा वाटा मोठा असतो. त्यात एखाद्या वर्षी पाऊस कमी. मग खाणीचा वाटा कसा काढायचा?

त्यासाठी साक्षीदार विहिरी लागतात. तोच वालुकाश्म, तशाच बागा, तेवढाच पाऊस, पण खाणीपासून लांब, असं एक गाव शोधा. पश्चिमेचं काळ्या दगडाचं गाव चालणार नाही. बेसॉल्टमध्ये पाणी वेगळ्याच रीतीनं वागतं. समजा पाच वर्षांत मे महिन्याची पातळी खाणीजवळच्या बोअरांत ६ मीटर उतरली आणि साक्षीदार बोअरांत २.५. उरलेले ३.५ मीटर म्हणजे पुरावा नव्हे, संशय.

संशय पक्का करायला तीन गोष्टी बघा. पातळीचा उतार खाणीपासून लांब जाताना कमी कमी होतो का? उतार सुरू झाल्याचा महिना डीपिलरिंगच्या तारखेशी जुळतो का? (पहिल्या पायरीत मागितलेल्या तारखा इथं कामी येतात.) आणि खाणीचे पंप बिघाडामुळं दोन-तीन दिवस बंद पडले तेव्हा बोअर वर चढलं का? तिसरी गोष्ट सापडली तर सोनं. त्यासाठी आठवड्याची नोंद हवी असते, आणि पंप बंद पडल्याची बातमी खाणीत कामाला जाणाऱ्या गावातल्याच एखाद्या माणसाकडून कळते. त्याचं नाव अहवालात घालू नका.

तिन्ही जुळले नाहीत तर तसं लिहा. एका गावात आम्ही वर्षभर मोजून शेवटी निघालं ते असं, की खाणीपेक्षा शेजारच्या शिवारातली चाळीस नवी बोअर पाण्याला जास्त भारी पडली होती. गाव आमच्यावर नाराज झालं. पण दुसऱ्या बाजूच्या तीन बोअरांबद्दल आम्ही जे लिहिलं ते त्यामुळंच ऐकून घेतलं गेलं.

बंद खाण

खाण संपली की पंप बंद होतात आणि पोकळ्या पाण्यानं भरू लागतात. बोअरांची पातळी वर येते, लोक खूश होतात. पण खाणीच्या पाण्यावर वाहणारा नाला उन्हाळ्यात पुन्हा आटतो, आणि त्यावर पीक बदललेला शेतकरी अडचणीत येतो. भरलेलं पाणी कधी कधी सखल भागातल्या जुन्या इन्क्लाइनमधून किंवा भेगेतून बाहेर पडतं, बरेचदा लोहाच्या तांबूस साक्यासकट. शेजारी चालू खाण असेल तर हे साठलेलं पाणी जिवावर बेततं. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाळा खाणीत वरच्या जुन्या कामांतलं पाणी फुटून आत आलं आणि ३७५ कामगार गेले.

म्हणून खाण बंद झाली तरी वही बंद करायची नाही. त्याच खुणा, तेच चार महिने. सोबत नाल्याच्या मुखाशी वाहकतेची नोंद. पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत आकडे वेगानं हलतात, तेव्हा चारच्या जागी बारा वेळा मोजा. वहीची एक झेरॉक्स ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवून द्या, शिक्का आणि आवक क्रमांकासह. आमची पहिली वही आमच्यातल्या एकाच्या मोटारसायकलच्या डिकीत भिजून गेली होती.